व्हिडिओ कॉन्फरन्सची परीक्षा दूरच्या टोकाला

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. आज तिथे लेथ आणि प्रेसच्या जुन्या शेडना लागूनच काचेच्या आयटी इमारती उभ्या आहेत. दोन्हीकडच्या तांत्रिक कामाची रीत एका बाबतीत सारखीच झाली आहे. नमुना ठाण्यात बनतो, त्याची चाचणी पुण्यातल्या प्रयोगशाळेत होते, डिझाइन करणारा डोंबिवलीत घरी बसलेला असतो आणि ग्राहक किंवा सहसंशोधक परदेशात असतो. ही सगळी माणसे आठवड्यातून दोनदा-तीनदा पडद्यावर भेटतात. त्या भेटीत एक आकडा चुकीचा ऐकू आला, तर पुढचा महिना वाया जाऊ शकतो.

असे असूनही, ज्या व्यवस्थेवर या भेटी व्हायच्या ती निवडताना आपण फारसे कष्ट घेत नाही. विक्रेता येतो, एकाच खोलीत दोन लॅपटॉप मांडतो, उत्तम वायफायवर सुरेख चित्र दाखवतो आणि आपण होकार देतो. या प्रात्यक्षिकातून कळते ते एवढेच, की परिस्थिती सर्वांत चांगली असताना व्यवस्था चांगली चालते. संशोधनाच्या सहकार्यात परीक्षा होते ती वेगळ्याच जागी. वीस ठिकाणे जोडलेली असताना त्यांतल्या सर्वांत कमकुवत ठिकाणच्या माणसाला काय ऐकू आले आणि तो मध्येच बोलू शकला का, हे तिथे महत्त्वाचे असते. मोठ्या गटांसाठी व्हिडिओ कॉन्फरन्स निवडताना हीच कसोटी पहिली हवी. जगभरच्या संशोधकांचा जवळपास तीस वर्षांचा अनुभव हेच सांगतो आणि त्यातला एक महत्त्वाचा अध्याय वागळे इस्टेटपासून दहा-बारा किलोमीटरवर, पवईला घडला आहे.

पवईचा प्रयोग

आयआयटी मुंबईने दूरस्थ अभियांत्रिकी शिक्षणासाठी सुरुवातीला उपग्रहाचा आधार घेतला होता. इस्रोने २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी वाहिलेला एज्युसॅट हा उपग्रह सोडला. पवईच्या स्टुडिओतली व्याख्याने त्याच्यामार्फत दूरच्या महाविद्यालयांत पोहोचू लागली. पुढे माहिती व संपर्क तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानाखाली, तिथले प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने, अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी मोठ्या कार्यशाळा सुरू झाल्या. आयआयटी मुंबई आणि आयआयटी खरगपूर यांनी मिळून हाती घेतलेल्या या उपक्रमाचे नावच ‘दहा हजार शिक्षकांचे प्रशिक्षण’ असे होते. देशभरातली शेकडो महाविद्यालये दूरस्थ केंद्रे झाली आणि त्यांना जोडण्यासाठी ए-व्ह्यू ही व्यवस्था वापरली गेली. ती अमृता विश्व विद्यापीठम्‌ने विकसित केली होती.

या उपक्रमाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. मुख्य कार्यशाळेच्या आधी प्रत्येक केंद्राचा समन्वयक पवईला येऊन प्रशिक्षण घेत असे. विषयाबरोबरच कार्यशाळा कशी चालवायची हेही तो शिकून जाई. मुख्य कार्यशाळेत व्याख्यान पवईहून थेट होई, पण प्रात्यक्षिके आणि शंका-समाधान केंद्रावरच, स्थानिक समन्वयकाच्या हाताखाली चालत. प्रश्नोत्तरांच्या वेळी एकेका केंद्राला पाळीपाळीने पडद्यावर घेतले जाई. म्हणजे सगळा भार व्हिडिओच्या तारेवर टाकलेला नव्हता. लाइन तुटली तरी केंद्रावरचे काम थांबू नये, अशी सोय आधीच करून ठेवली होती. कोणतीही व्यवस्था जोखताना म्हणूनच सॉफ्टवेअरइतकेच त्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाच्या तयारीकडेही पाहावे लागते.

हे शक्य झाले त्यामागे राष्ट्रीय ज्ञानजाल, म्हणजे नॅशनल नॉलेज नेटवर्क उभे राहत होते. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्याचे उद्‌घाटन तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते एप्रिल २००९ मध्ये झाले. मार्च २०१० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दहा वर्षांसाठी ५,९९० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. विद्यापीठे आणि संशोधन संस्थांना सेकंदाला अब्जावधी बिट वाहून नेणाऱ्या ऑप्टिकल फायबरने जोडणे हा त्याचा हेतू होता. उपग्रहाकडून फायबरकडे झालेल्या या स्थित्यंतराने संभाषणाची जातच बदलली. ती का, हे समजायला थोडे गणित करावे लागते.

पाव सेकंदाचे अंतर

भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. सिग्नलला वर जाऊन खाली यायला ७१ हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळपास पाव सेकंद लागतो. केंद्रावरच्या शिक्षकाने प्रश्न विचारला की तो पवईला पाव सेकंदाने ऐकू येणार आणि उत्तराचा पहिला शब्द परत पोहोचायला आणखी पाव सेकंद जाणार. त्यात चित्र-आवाज आकुंचित करण्याचा आणि पुन्हा उलगडण्याचा वेळ मिळवायचा.

व्याख्यान ऐकताना हा उशीर जाणवत नाही. संभाषणात मात्र तो लगेच बोचतो. समोरचा थांबला असे वाटून आपण बोलायला लागतो, तेवढ्यात त्याचे पुढचे वाक्य येऊन धडकते. दोघेही थांबतात आणि दोघेही पुन्हा एकदमच बोलतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर बहुतेक संभाषणे नीट चालतात आणि तो ४०० मिलिसेकंदांच्या वर जाऊ नये. उपग्रहाचा मार्ग या दोन मर्यादांच्या मधे पडतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते जिनिव्हा सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरहून थोडे जास्त आहे, म्हणजे त्यासाठी किमान ३३ मिलिसेकंद लागतात. समुद्राखालची केबल वळणे घेत जाते म्हणून प्रत्यक्षात याच्या दुपटीच्या आसपास धरले, तरी आपण १५० च्या पुष्कळ आत राहतो.

यावरून परीक्षेचा एक नियम निघतो. आधी आपल्या बैठकीचे स्वरूप ठरवावे. एकाने बोलायचे आणि हजारोंनी ऐकायचे असेल, तर ते थेट प्रक्षेपण आहे. त्यात दहा सेकंदांचा उशीरही चालतो. पंधरा-वीस जणांनी एकमेकांचे मुद्दे खोडायचे असतील, तर ती चर्चा आहे. तिथे एकेक मिलिसेकंद महाग असतो. एकाच पैशात दोन्ही करून देतो असे सांगणाऱ्याला दोन्हींची वेगवेगळी चाचणी द्यायला लावावी.

गट वाढला की काय होते

दोघांचा कॉल आणि पन्नास ठिकाणांची बैठक यांत केवळ संख्येचा फरक नसतो. पन्नास ठिकाणांपैकी प्रत्येकाने आपले चित्र उरलेल्या ४९ जणांना थेट पाठवायचे ठरवले, तर एकूण २,४५० प्रवाह तयार होतात. एका प्रवाहाला सेकंदाला एक मेगाबिट धरले, तर प्रत्येकाला नुसत्या पाठवणीसाठी ४९ मेगाबिट लागतील. ही थेट जाळी चार-पाच जणांपुरतीच ठीक असते.

जुना उपाय मध्यवर्ती मिश्रणयंत्राचा. सगळ्यांची चित्रे तिथे जातात, उलगडली जातात, चौकटीत बसवून एकच चित्र तयार होते आणि तेच पुन्हा आकुंचित करून सर्वांना पाठवले जाते. केंद्रावर फक्त एकच प्रवाह येतो, म्हणून साध्या यंत्रावरही काम भागते. पण मधले यंत्र महाग असते, उलगडण्या-बांधण्यात वेळ जातो, चित्राचा दर्जा घसरतो आणि ठरावीक जागा भरल्या की दार बंद होते.

आज प्रचलित असलेली रीत तिसरी. यातला मधला सर्व्हर चित्र उघडतच नाही. टपाल कार्यालयातला छाननी करणारा कर्मचारी पाकीट न फोडता पत्ता पाहून ज्या त्या पिशवीत टाकतो, तसा तो प्रवाह पुढे ढकलतो. पाठवणारा आपले चित्र थरांत किंवा दोन-तीन आकारांत पाठवतो. ज्याची लाइन दणकट त्याला सगळे थर मिळतात, ज्याची बारीक त्याला फक्त पायाचा थर मिळतो. एच.२६४ या चित्रमानकात थरांची ही सोय २००७ मध्ये आली. तिचा अर्थ फार मोठा आहे: कल्याणच्या मोबाइल डेटावर बसलेल्या एका माणसामुळे उरलेल्या ४९ जणांचे चित्र खाली ओढले जात नाही आणि त्यालाही बाहेर फेकले जात नाही. म्हणून विक्रेत्याला विचारायचा पहिला तांत्रिक प्रश्न हा असावा: ‘एकाची लाइन मंदावली तर त्याचे काय होते आणि इतरांचे काय होते?’

कणभौतिकीची तीस वर्षे

मोठ्या गटाच्या व्हिडिओ कॉन्फरन्सची गरज फार लवकर आणि तीव्रतेने भासली ती कणभौतिकीला. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतला सीएमएस हा प्रयोग हजारो शास्त्रज्ञ मिळून चालवतात. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र त्याचे भारतीय भागीदार आहेत. एकेका शोधनिबंधाआधी कित्येक बैठका होतात आणि एखाद्या आलेखातल्या एका बिंदूवर तासभर वाद चालतो. सगळ्यांनी प्रत्येक वेळी जिनिव्हाला जाणे अशक्य.

त्यामुळे कॅलटेक या अमेरिकी संस्थेतल्या गटाने १९९७ च्या सुमारास व्हीआरव्हीएस ही व्यवस्था उभारली. निरनिराळ्या देशांत ठेवलेले सर्व्हर एकमेकांकडे प्रवाह परावर्तित करत असत. पुढे तिची जागा ईव्हीओने घेतली. त्याच काळात अमेरिकेतल्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेने ॲक्सेस ग्रिड सुरू केली होती. खोलीच्या भिंतीवर अनेक चित्रे, अनेक कॅमेरे आणि चांगला ध्वनी यांच्या साहाय्याने पूर्ण गटाला पूर्ण गट भेटवणे ही तिची कल्पना. ती मल्टिकास्ट या तंत्रावर उभी होती. त्यात पाठवणारा एकच प्रत पाठवतो आणि वाटेतली राउटर यंत्रे गरजेप्रमाणे प्रती काढतात. कागदावर याहून काटकसरीचा उपाय नाही. अडचण अशी, की वाटेतल्या प्रत्येक राउटरवर ते तंत्र चालू असावे लागते. अनेक विद्यापीठांत ते चालू नव्हते आणि घरगुती इंटरनेटवर तर मिळतच नव्हते. अशा ठिकाणांसाठी मधे पूल बांधावे लागले. सर्वांत सुसज्ज खोलीला डोळ्यांसमोर ठेवून केलेली रचना दूरच्या टोकाला कशी अडखळते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

सर्नने त्यानंतर थर पाठवणाऱ्या विड्यो या व्यवस्थेची बराच काळ प्रायोगिक चाचणी घेतली आणि २०१२ च्या अखेरीस तिला अधिकृत सेवा केले. तिथल्या गरजा बोलक्या आहेत: लिनक्स वापरणारे शास्त्रज्ञ, एच.३२३ या मानकाची जुनी यंत्रे बसवलेल्या सभागृहांमधले गट आणि नुसत्या टेलिफोनवरून जोडले जाणारे प्रवासी, हे सर्व एकाच बैठकीत हवे होते. २०२० मध्ये सर्न झूमकडे वळले. पाव शतकाच्या आत व्हीआरव्हीएस, ईव्हीओ, विड्यो आणि झूम अशी चार नावे झाली. संशोधन सुरू राहिले, साधने बदलत गेली. म्हणून कोणतीही व्यवस्था घेताना ती सोडायची वाट आधी पाहून ठेवावी. रेकॉर्डिंग कोणत्या स्वरूपात साठते आणि कंपनी बदलली तर ते उघडता येईल का, हे विचारावे. फ्लॅश हे तंत्र २०२० च्या अखेरीस बंद झाले, तेव्हा त्यावर बेतलेले कितीतरी शैक्षणिक साहित्य एका रात्रीत निरुपयोगी झाले.

४ जुलै २०१२ ची आठवण इथे द्यायला हवी. हिग्ज बोसॉनसारखा नवा कण सापडल्याची घोषणा सर्नच्या सभागृहात सकाळी नऊला सुरू झालेल्या परिसंवादात झाली, तेव्हा भारतात दुपारचे साडेबारा वाजले होते. मेलबर्नला त्याच वेळी कणभौतिकीची मोठी परिषद भरत होती आणि ते सभागृह व्हिडिओने जिनिव्हाशी जोडलेले होते. शतकातल्या मोठ्या शोधांपैकी एकाची घोषणा दोन खंडांत एकाच क्षणी झाली. त्यामागे वर्षानुवर्षांच्या रटाळ वाटणाऱ्या साप्ताहिक बैठकांचा सराव होता, हे विसरू नये.

आधी आवाज, मग चित्र

लोक चित्राचा दर्जा पाहून व्यवस्था विकत घेतात आणि आवाजामुळे वैतागतात. चित्र दोन सेकंद गोठले तरी चर्चा पुढे जाते; आवाज दोन सेकंद गेला तर वाक्यच जाते. ‘०.१५’ मधला टिंब ऐकू न येणे हा संशोधनात किरकोळ दोष नसतो.

गंमत म्हणजे आवाजाला लागते फार थोडे. चांगल्या दर्जाचे संभाषण सेकंदाला ४० किलोबिटांत बसते, म्हणजे तासाला सुमारे १८ मेगाबाइट. त्याउलट दीड मेगाबिटचे चित्र तासाला सुमारे ६७५ मेगाबाइट खाते. मग आवाज तुटतो का? एक कारण म्हणजे डेटाची पाकिटे वाटेत गहाळ होणे. दुसरे, ती असमान अंतराने पोहोचणे. सॉफ्टवेअर थोडी पाकिटे साठवून मग समान गतीने वाजवते. साठा वाढवला की आवाज गुळगुळीत होतो पण उशीर वाढतो. तिसरे कारण इकोचे. एका खोलीतल्या स्पीकरचा आवाज त्याच खोलीतल्या माइकमध्ये शिरतो आणि बोलणाऱ्याला स्वतःचेच शब्द मागून ऐकू येतात. सॉफ्टवेअर तो वजा करू पाहते, पण उघड्या भिंतींची घुमणारी कॉन्फरन्स रूम असेल तर ते हरते. वागळे इस्टेटच्या शेडमध्ये बाजूला प्रेस चालू असेल, तर आवाज गाळण्याच्या नादात माणसाच्या वाक्याची सुरुवातही गाळली जाते.

म्हणून महागडा कॅमेरा घेण्याआधी माइक, पडदे आणि खोली यांवर खर्च करावा. लांब टेबलाच्या एका टोकाला ठेवलेला लॅपटॉप दहा जणांचा आवाज नीट उचलू शकत नाही. आणि लाइन खालावली की व्यवस्थेने आधी चित्र सोडावे व आवाज जपावा, हा गुण चाचणीत मुद्दाम तपासावा.

सरासरीने फसू नये

दर्जा मोजण्याची एक प्रस्थापित पद्धत आहे. वापरणाऱ्यांना १ ते ५ गुण द्यायला सांगायचे आणि सरासरी काढायची. टेलिफोनच्या ध्वनीसाठी ती आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य आहे. पण गटाच्या बैठकीला ती जशीच्या तशी लावली, तर दिशाभूल होते. दहा ठिकाणांपैकी नऊ जणांनी ५ गुण दिले आणि एकाने १, तर सरासरी ४.६ येते. अहवालात लिहिले जाईल ‘उत्तम’. प्रत्यक्षात मात्र एक केंद्र बैठकीत नव्हतेच. ते केंद्र उपकरण बसवलेल्या जागेचे असेल, तर बैठकीचा हेतूच फसला. त्यामुळे सरासरीच्या शेजारी सर्वांत कमी गुण लिहावा आणि निर्णय त्यावरून घ्यावा.

गुणांच्या जोडीला वस्तुनिष्ठ कामे द्यावीत. ठाणे-डोंबिवलीतल्या कोणत्याही कंपनीला किंवा महाविद्यालयाला जमेल अशी एक चाचणी इथे मांडतो.

पाच ठिकाणे निवडावीत: वागळे इस्टेटमधली लीज लाइन असलेली खोली, डोंबिवलीतले घरगुती ब्रॉडबँड, कल्याणचा मोबाइल डेटा, बाहेरगावची एक प्रयोगशाळा आणि परदेशातला एक सहकारी. दोन आठवडे खऱ्या बैठका याच व्यवस्थेवर घ्याव्यात. दिखाऊ बैठकीत माणसे समजूतदारपणे वागतात, खऱ्या बैठकीत एकमेकांना तोडून बोलतात, म्हणून खरीच हवी. प्रत्येक बैठकीत एका ठिकाणाने दहा मोजमापे तोंडी सांगावीत, इतरांनी लिहून घ्यावीत आणि चुका मोजाव्यात. एक ड्रॉइंग पडद्यावर दाखवून सर्वांत दूरच्या माणसाला त्यातले सर्वांत बारीक माप वाचायला सांगावे. एकाने मुद्दाम केबल काढून पुन्हा लावावी आणि तो किती सेकंदांत परत चर्चेत आला ते पाहावे. नव्या पाहुण्याला केवळ लिंक देऊन तो कोणाच्याही मदतीशिवाय किती वेळात आत येतो, तेही नोंदवावे. लोकलमधून फोनवर जोडलेला सहकारी बोगद्यात गेला आणि बाहेर आला की त्याला पुन्हा पहिल्यापासून पासवर्ड टाकावा लागतो का, इतकी साधी गोष्टसुद्धा रोजच्या वापरात मोलाची ठरते.

ज्यांना यंत्रांची हाताळणी येते त्यांनी आणखी एक पाऊल टाकावे. लिनक्समध्ये नेटएम नावाची सोय आहे. तिने लाइन मुद्दाम बिघडवता येते. ३०० मिलिसेकंद उशीर आणि शंभरात पाच पाकिटे गहाळ अशी स्थिती तयार करून तीच बैठक पुन्हा चालवावी. एकाच प्रमाणात बिघडवलेल्या लाइनवर दोन व्यवस्थांची तुलना केली की जाहिरातीतल्या दाव्यांची गरज उरत नाही. बहुतेक व्यवस्था चालू कॉलमधला उशीर आणि गहाळ पाकिटांचे प्रमाण सेटिंग्जमध्ये दाखवतात. ते आकडे प्रत्येक ठिकाणाहून लिहून घ्यावेत.

पडद्याबाहेरच्या कसोट्या

सुरक्षितता हा संशोधनाचा खास प्रश्न आहे. अप्रकाशित निष्कर्ष किंवा पेटंट न घेतलेली रचना पडद्यावर आली की ती सर्व्हरवरून जाते. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने झूमच्या खाजगी वापराबाबत सावधगिरीची सूचना काढली होती. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने स्वदेशी व्हिडिओ कॉन्फरन्ससाठी स्पर्धा घेतली आणि केरळमधल्या अलप्पुळाच्या टेकजेन्शिया कंपनीचे व्ही-कन्सोल त्यात विजयी ठरले. जित्सी आणि बिगब्लूबटन यांसारख्या मुक्त स्रोत व्यवस्था तर आपल्याच सर्व्हरवर बसवता येतात. लायसन्सचे पैसे त्यात वाचतात, पण सर्व्हर सांभाळणारा जाणता माणूस नेमावा लागतो. तो खर्च हिशेबात धरूनच तुलना करावी. कूटबद्धीकरणाची चावी कोणाकडे आहे, रेकॉर्डिंग कुठल्या देशात साठते आणि ते कोण पुसू शकतो, या प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत.

घड्याळाचा प्रश्न तर कोणतेही सॉफ्टवेअर सोडवत नाही. जिनिव्हात दुपारी चारची बैठक आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेआठला आणि उन्हाळ्यात साडेसातला सुरू होते, कारण तिकडे घड्याळ बदलते आणि आपले बदलत नाही. कॅलिफोर्नियातले सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. नेहमी एकाच देशाने रात्र जागवली, तर त्या देशातली तरुण संशोधक मंडळी, विशेषतः लहान मुलांच्या आया, हळूहळू चर्चेतून बाहेर पडतात. म्हणून वेळ फिरती ठेवावी, बैठकीचे टिपण त्याच दिवशी सर्वांना मिळावे आणि गैरहजर माणसाला लेखी मत देण्यासाठी एक दिवस तरी राखावा. दूरचे टोक केवळ नकाशावर नसते, ते घड्याळातही असते.

अध्यक्षाची भूमिकाही तितकीच मोलाची. सभागृहात दहा माणसे एकत्र आणि पाच जण पडद्यावर असतील, तर सभागृहातले आपापसांत बोलतात आणि पडद्यावरचे प्रेक्षक होतात. अशा वेळी दूरच्या केंद्राला प्रथम बोलायला देण्याची शिस्त लावावी. पवईच्या कार्यशाळांत केंद्रांना पाळीने पडद्यावर घेत, ते याच कारणाने अनुकरणीय आहे.

पुढचे दूरचे टोक महाराष्ट्रातच

ही चर्चा येत्या काळात आपल्या आणखी जवळ येणार आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार असून केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. नारायणगावजवळच्या खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे आणि तिची ४५ मीटर व्यासाची तीस तबके जगभरचे खगोलशास्त्रज्ञ वापरतात. अशा प्रकल्पांत उपकरण खेड्यात असते, विश्लेषण पुण्यात होते आणि सहकारी चार खंडांत पसरलेले असतात. उपकरणाजवळ उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला जे दिसते ते त्या बैठकीतल्या कोणालाच दिसत नाही. त्याचाच आवाज तुटत असेल, तर पुण्यातल्या आणि परदेशातल्या खोल्यांमधले निर्दोष चित्र काय कामाचे?

वागळे इस्टेटमधल्या उद्योजकांना, ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि संशोधन विभागांच्या प्रमुखांना म्हणूनच एक आग्रहाची विनंती आहे. पुढच्या वेळी व्हिडिओ कॉन्फरन्सची व्यवस्था घेताना प्रात्यक्षिक आपल्या कॉन्फरन्स रूममध्ये पाहू नका. ज्या सहकाऱ्याची लाइन सर्वांत कमकुवत आहे त्याच्या शेजारी जाऊन बसा, बैठक तिथून ऐका, मध्येच एक प्रश्न विचारून पाहा आणि मगच खरेदीच्या कागदावर सही करा.